तळ्याची खबर

९ ऑगस्ट, शनिवार

आज खोटं बोलताना पकडली गेले. तेही हॉलिसकडून — ज्याला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही!

रोजच्यासारखी तीन वाजता म्हाताऱ्यांच्या होममध्ये गेले. रोजच्यासारखं त्यानं विचारलं, तळ्याचं पाणी किती गरम आहे, मासा कुठे आहे. गेले कित्येक आठवडे मी काहीबाही ठोकून देतेय. आज म्हटलं, पाणी बहात्तर डिग्री फॅरनहाइट, मासा अगदी काठाला लागलाय. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ऑगस्टात बहात्तर, एवढं गार? बाई, तुम्ही तळ्यावर गेलाच नाहीत."

आणि भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळी जेवलाही नाही म्हणे.

एक्केचाळीस वर्षं तो लोकांना या तळ्यावर बास मासे धरायला न्यायचा. मेम्फिसहून, डॅलसहून माणसं यायची त्याच्या बोटीत बसायला. त्याला मी काय थापा मारणार. ऑगस्टात तळं आंघोळीच्या पाण्यासारखं होतं हे मलाही माहीत असायला हवं होतं. रोज खिडकीतून दिसतं की.

मी त्याची बायको आहे हे आता बोलायचं नाही असं ठरलंय. एप्रिलमध्ये त्याला तिथे ठेवला तेव्हा बोलायचे. फार चिडायचा. म्हणायचा, माझी बायको नीवा घरी आहे, तुम्ही कोण? एकदा पाण्याचा पेला फेकला. मग लॅट्रीसनं — दुपारची नर्स, चांगली पोरगी — मला बाजूला घेतलं. वाद नका घालू, तो जे समजतोय ते असू द्या. तो समजतो, मी तळ्याची खबर आणणारी कुणीतरी बाई आहे.

बाई तर बाई.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चला गेले नाही. डब प्रूइटच्या धक्क्यावर गेले. डब तिथे आमिषं, बर्फ आणि पेट्रोल विकतो. हॉलिसचा तीस वर्षांचा दोस्त. त्याला म्हटलं, मासळीची खरी खबर दे. त्यानं कारण विचारलं नाही. पाणी एकोणनव्वद. उजाडताना काठाला थोडं काही लागतं, नऊनंतर सगळे हात हलवत परत. मोठा मासा खोल गेलाय, पंधरा-अठरा फुटांवर.

सगळं कागदावर लिहून घेतलं. होममध्ये वाचून दाखवलं. हॉलिसनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकेक प्रश्न. वारा कुठून होता? शॅड — ती बोटभर चांदीसारखी मासळी, जिच्या मागे बास फिरतो — ती कुठल्या खाडीत होती? बगळे कुठल्या काठाला?

कागदावर नव्हतं.

"ऐकीव," म्हणाला. एवढंच.

११ ऑगस्ट, सोमवार

टोमॅटो सँडविच. कालही तेच. एका माणसासाठी चूल पेटवायची म्हणजे कंटाळा येतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बोटीवरची ताडपत्री काढली. आत गांधीलमाश्यांचं पोळं, उंदरानं कुरतडलेली गादी. बोट साबणपाण्यानं दोन तास घासली. हॉलिसच्या मासे धरायच्या काठ्या छताला टांगलेल्या आहेत, सतरा. कुठली कशाला, देव जाणे. गळांच्या पेटीत रबरी गांडुळं — जांभळी, काळी, हिरवी. लाल ठिपक्यांचीसुद्धा.

जॅनेलचा फोन आला लिटल रॉकहून. काय करतेस आई? म्हटलं, साफसफाई. खोटं नाही ते. मग तिचं नेहमीचं — खालची खोली रंगवून घेतली आहे, पिवळी, तुला आवडते तशी. ऑक्टोबरपर्यंत ये. बाबांना इकडच्या चांगल्या ठिकाणी हलवू. तिथे एकटी काय करतेस?

बघू म्हटलं.

एकटी काय करतेस म्हणे. पूर्वीही दिवसभर एकटीच असायचे. पण तेव्हा संध्याकाळी कुणीतरी येणार असायचं.

१३ ऑगस्ट, बुधवार

लाज गेली आज सगळी. गाडीमागे बोटीचा ट्रेलर लावून धक्क्याच्या उतारावर उलटा न्यायचा असतो, पाण्यात. मी डावीकडे वळवलं की तो उजवीकडे. आठ वेळा आडवा गेला. बाकावर चार माणसं कॉफी पीत बसली होती; ती वळून बघायला लागली. एकानं टोपी काढून छातीशी धरली, मयताला धरतात तशी.

डब हसला. मग माझं तोंड बघून थांबला, बोटीत ठेवलेल्या काठ्या बघितल्या आणि काचेशी आला. म्हणाला, "नीवा, हात स्टिअरिंगच्या चाकाच्या खालच्या बाजूला धर. ट्रेलर जिकडे जायला हवा तिकडे हात ने. बाकी डोकं चालवू नको."

दोन खेपांत गेला! मग त्यानं मोटर कशी सुरू करायची, लाल दोरी मनगटाला का बांधायची — माणूस पाण्यात पडला तर दोरी मोटरीतून निसटते, मोटर बंद होते — सगळं दाखवलं. पाण्यात मात्र उतरले नाही.  ट्रेलर तसाच ओढून घरी आणला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

गेले.

साडेपाचला, उजाडता उजाडता. धक्क्याजवळच्या खाडीतच फिरले, अर्धा मैलसुद्धा नाही. एकही मासा लागला नाही. गळ दोनदा झाडात, एकदा माझ्याच बाहीत. पण पाणी मी स्वतः बघितलं — अठ्ठ्याऐंशी. वारा नैर्ऋत्येचा, नावापुरता. बगळे पूर्वेच्या काठाला, सात. धरणवाल्यांनी पाणी सोडलंय, काठच्या दगडांवर हातभर ओली रेघ.

तीन वाजता सांगितलं. हॉलिस उशीला टेकून उठून बसला. म्हणाला, सात बगळे? मग शॅड तिथेच आहे. तुम्ही काठ सोडायला हवा होता, ऊन पडलं की काठाला काय ठेवलंय. मग अंगावरची चादर घेऊन तिची तीन पदरी घडी घातली. वरचा पदर ऊन पाणी. खालचा थंड, पण तिथे हवा नाही, मासा गुदमरतो. त्यानं मधल्या पदरात दोन बोटं सरकवली. "उन्हाळा सरत आला की सगळे जिवंत जीव इथे येऊन राहतात. दाटीवाटीनं. तुम्ही इथे गळ टाका."

एवढं सलग तो मार्चनंतर बोललेला नाही. परत येताना गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबले.

१७ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस रोज. काही नाही. खांदा आखडलाय. नाक सोलवटलं.

चर्चमध्ये धर्मगुरूच्या बायकोनं विचारलं, कशी आहेस. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात तिला दुसरं कुणीतरी भेटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

धरला!!

धरणाआधीचा जुना रस्ता पाण्याखाली आहे. बोटीवरच्या, तळ दाखवणाऱ्या हॉलिसच्या यंत्राच्या पडद्यावर तो सपाट रेघेसारखा दिसतो, दोन्ही बाजूंना उतार. कडेला खोली सतरा फूट. जांभळं रबरी गांडूळ, पुढे वजनाला शिसं. हॉलिसनं सांगितलं होतं तसं — तळाला बसू द्यायचं, उचलायचं, पुन्हा बसू द्यायचं, घाई करायची नाही. उन्हाळ्यातला मासा आळशी, त्याच्या तोंडापुढून जिन्नस दोनदा गेला पाहिजे. तासभर ते केलं. मग दोऱ्यात काहीतरी टकटकलं. दारावर बोटानं वाजवल्यासारखं.

ओढला. आणि काठी वाकली, वाकली — मी जोरात ओरडले, पण आसपास कुणी नव्हतं. हिरवा, काळ्या पट्ट्याचा, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. दोन-अडीच पौंडांचा असेल. तोंड केवढं! मूठ जाईल आत. सोडला तेव्हा बुडी मारताना अंगावर पाणी उडवून गेला.

पाण्यावर इकडे तिकडे बघितलं, कुणाला तरी सांगावं म्हणून. एक कासव ओंडक्यावर बसलं होतं.

हॉलिसला सांगितलं. गळ कुठे लागला होता? वरच्या ओठात, उजव्या कोपऱ्याला. किती वेळ बाहेर ठेवलात? नाही कळलं, म्हटलं. तो म्हणाला, उन्हाळ्यात दहा मोजेपर्यंत. त्यापुढे तुमची हौस आणि त्याचा जीव. मग हसला. पुढचे दोन दात आता नाहीत त्याचे, तरी तेच हसू.

लॅट्रीस दारात उभी राहून ऐकत होती. नंतर म्हणाली, आज सगळं ताट संपवलं त्यानं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दोन. एक जेमतेम पौंडाचा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज हॉलिस जवळ या म्हणाला. खुणेनं. मी खुर्ची ओढली. शेजारच्या खाटेवर कुणी नाही, तरी आवाज खाली आणून बोलला.

केन क्रीकवरचा जुना पूल बुडालाय. त्याचा माथा सोळा फुटांवर आहे, खाली चोवीस. ऑगस्टाच्या शेवटी मोठे बास त्या पुलाच्या सावलीला येतात. जागा डोळ्यांनी दिसत नाही, पडद्यावरही चटकन सापडत नाही. बोटीतून बघताना गावची पाण्याची टाकी डोंगराच्या खाचेत आली पाहिजे, आणि काठावरचं पत्र्याचं छप्पर वाळक्या सायप्रसच्या झाडामागे. दोन्ही एकाच वेळी. मग गळ सोडायचा.

"कुणाला सांगू नका. डबलाही माहीत नाही. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही मी."

मी विचारलं, का नाही सांगितलंत?

"तिनं कधी विचारलं नाही."

रागावून नाही म्हणाला. वाऱ्याची दिशा सांगावी तसं.

घरी येऊन भेंडीच्या शेंगा तोडल्या, धुतल्या, चिरल्या. मग लक्षात आलं, कुणासाठी एवढी. खरंच विचारलं नाही. त्रेचाळीस वर्षांत एकदाही. तो तळ्यावरून आल्यावर म्हणायचे, बूट बाहेर काढ. जेवण झाकून ठेवलंय. एवढंच.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाहेर पडले नाही. पडदे ओढून बसले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पूल सापडला. टाकी खाचेत आणायची तर छप्पर निसटतं, छप्पर धरावं तर टाकी. दीड तास एकाच जागेभोवती घिरट्या. आणि मग दोन्ही जुळलं, आणि पडद्यावर खालून एक चौकोनी काहीतरी वर आलं. चार पौंडांचा बास लागला!  दहापर्यंत मोजायला घेतलं. सातलाच सोडला.

हॉलिसनं टाळी वाजवली. एकच.

१ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. तळ्यावर जत्रा — गाणी, बोटी, भट्टीवरच्या मांसाचा वास सगळ्या काठाला. जॅनेल येणार होती, नाही आली, तिच्याकडे पाहुणे. मी घराच्या पायरीवर बसून दुसऱ्यांची मुलं पाण्यात उड्या मारताना बघितली. हॉलिस झोपलेला होता, उठवलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज मेलेच होते.

 पुलावर दुपारी दोनपर्यंत काही नव्हतं. निघणार तेवढ्यात शंभर हातांवर पाणी उकळायला लागलं. शॅडचा थवा वर आला होता आणि खालून बास त्याच्यावर तुटून पडले होते, दहा-वीस-पन्नास, पाण्याचे फवारे. हॉलिसनं सांगितलं होतं, असं झालं की बोट लांब ठेवा, थव्याच्या कडेवर टाका, बरोबर मध्ये नको. मी टाकत गेले. प्रत्येक फेकीला मासा! एक सोडला की दुसरा. थवा खाली जायचा, पुढे वर यायचा, मी मागे मागे. आभाळाकडे मान वर केलीच नाही.

पाठीवर गार वारा आला तेव्हा वळून बघितलं. पश्चिम काळीठिक्कर.

मोटर सुरू होईना. किल्ली फिरवते, नुसती टिकटिक. पुन्हा. पुन्हा. लाटा बोटीत यायला लागल्या. वाऱ्यानं मला बुडालेल्या रानात ढकललं, तिथे वाळकी झाडं पाण्यातून वर आली आहेत. एका खोडाला दोर टाकून बांधलं आणि बोटीच्या तळाशी आडवी झाले, काठ्या सगळ्या खाली. वीज समोरच्या टेकडीवर पडली. आवाज आणि उजेड एकदमच. पाऊस तोंडावर खड्यांसारखा.

पाऊण तास असेन. भीती वाटलीच. पण खरं लिहायचं तर — सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळंच. मी कुठे आहे हे जगात कुणाला माहीत नव्हतं. डबला जागा सांगितली नव्हती, वचन होतं. जॅनेलला मी बोट चालवते हेच माहीत नाही. कुणी शोधायला निघणार नव्हतं, कारण कुणी वाट बघत नव्हतं.

वादळ सरलं तेव्हा दिसलं — लाल दोरी. माशाच्या मागे पुढे-मागे पळताना मोटरीपासून निसटलेली. परत खोचली, किल्ली फिरवली, सुरू! तिथेच बसून हसले आणि रडले. धक्क्यावर डब काठाला येऊन उभा होता, भिजून चिंब.  बोट बांधली, गरम कॉफी हातात दिली आणि दुकानात निघून गेला.

होममध्ये जायचं राहिलंच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लॅट्रीसनं दारातच गाठलं. काल हॉलिस तीनपासून खिडकीशी बसून होता. वादळ आलं तसा उठून येरझाऱ्या. ती बाई तळ्यावर आहे, कुणीतरी जा, असं सगळ्यांना सांगत होता. जेवणाच्या वेळीही खुर्ची सोडली नाही.

म्हणजे कुणीतरी वाट बघत होतं.

आत गेले तर माझ्यावर खवळला. सप्टेंबरातली वादळं पश्चिमेकडून येतात, वारा एकदम पडला की निघायचं, मासा काय उद्याही असतो. मी मान खाली घालून ऐकलं. बोलून दमला. मग त्यानं विचारलं, तुमच्या घरी कुणी नाही का? असे कसे जाऊ देतात एकटीला?

म्हटलं, हल्ली कुणी नाही.

त्यानं चादर सारखी केली. मग म्हणाला, "हे बरं नाही, बाई."

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आता थोडा गारवा. पाणी त्र्याऐंशी. पुलावर मासाच नाही — शॅड खाड्यांच्या तोंडाशी सरकली आहे, तिच्या मागे बास. हॉलिस म्हणाला होता तसंच. पाणी निवायला लागलं की थर मोडतात, मग मासा कुठेही जाऊ शकतो. शोधावा लागतो.

डबला आता सांगून जाते — किती वाजता परतणार ते. कुठे, ते नाही. तो फळ्यावर खडूनं वेळ लिहितो, वर माझं नाव.

११ सप्टेंबर, गुरुवार

हॉलिस आज कुठेच नव्हता. डोळे उघडे, पण कुठेच नव्हता. पाणी, वारा, बगळे सगळं सांगितलं. चादरीचा कोपरा चोळत बसला.

१३ सप्टेंबर, शनिवार

हे जसं झालं तसं लिहून ठेवते. शब्द विसरायला नकोत.

आज तो होता. तीन मासे सांगितले, लाकडी आमिषावर, खाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या वरच्या थरात. तो खूश. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, उशीर झाला, बायको वाट बघत असेल.

माझ्या तोंडून निघून गेलं — तिला कधी बोटीत नेलं नाहीत?

म्हणाला, "एकदा नेलं. नवं लग्न झालं होतं. फोर्ट स्मिथचे दोन डॉक्टर होते बोटीत. तिनं काठी मागे घेतली आणि गळ तिच्याच टोपीत अडकला, टोपी गेली पाण्यात. पांढरी, नवी. डॉक्टर हसले." थांबला. "मीही हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं."

मला वाटायचं हे फक्त मलाच आठवतं. त्या दिवशी घरी आले आणि म्हटलं, तुझं तळं तुला, मला माझी बाग. पुन्हा विषय नाही. मला वाटलं, तो सुटला. त्याला वाटलं —

"मग तिनं कधी विचारलं नाही आणि मीही नाही. दर उन्हाळ्यात म्हणायचो, या वर्षी विचारू. टोपी कसली, मूर्खपणा." मग माझ्याकडे वळला, अगदी अदबीनं, ओळख नसलेल्या माणसाला विनंती करावी तसा. "बाई, तुमच्या बोटीत जागा असेल तर तिला एकदा न्याल का? पांढऱ्या घरात राहते, खाडीच्या वळणावर. एकटीच असते दिवसभर. नाही म्हणेल आधी. पण न्या."

नेईन म्हटलं.



१४ सप्टेंबर, रविवार

चर्चला नाही. तळ्यावर. गळ पाण्यात टाकलाच नाही. मोटर बंद करून पुलावर दोन तास बसले. छान ऊन होतं. हे मी आधी का नाही केलं, याचा हिशेब करत बसले नाही. बसले नुसती.

१५ सप्टेंबर, सोमवार

त्याला सांगितलं. नेलं तुमच्या बायकोला.

मला वाटलं होतं विसरला असेल. नाही. आली? — आली म्हटलं. काय म्हणाली? — म्हटलं, पूल बघितला तिनं. तुमच्यावर राग नाही तिचा.

चेहरा असा उजळला त्याचा! आणि पांघरूण बाजूला करून पाय खाली सोडले. "अजून बोटीतच आहे का ती? तिला म्हणावं बसून राहा. मी बूट घालून आलोच." खाटेखाली वाकून शोधायला लागला. लॅट्रीस सपाता घेऊन आली, तर त्या ढकलून दिल्या. हे घालून कुणी बोटीत जातं का? अर्धा तास लागला त्याला निजवायला. मी बाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिले. हे काय करून बसले मी.

लॅट्रीस आली आणि माझ्याशेजारी टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मावशी, त्याला खरंच का नाही नेत? अजून पाय चालतायत त्याचे."

१६ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांना विचारलं. तळ्यावर? एवढ्या मोठ्या बोटीत? कोण चालवणार? म्हटलं, मी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. एक तास, वारा नसताना, लाइफ जॅकेट घालून, आणि घरचं आणखी एक माणूस बरोबर हवं.

म्हणजे जॅनेलला सांगावं लागणार.

१७ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं, सगळं. ट्रेलरपासून वादळापर्यंत.  मग ओरडली माझ्यावर. अगदी बापासारखी, त्याच शब्दांत — एकटीला, पश्चिमेकडून वादळ! मी ऐकून घेतलं. शेवटी नाक ओढत म्हणाली, शुक्रवारी येते.

हॉलिसचे बूट काढले. चिखल तसाच होता वाळलेला. पुसला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जॅनेल आली. धक्क्यावर नेलं तिला. ट्रेलर एका दमात पाण्यात घातला. बाकावरच्या चौघांनी वर बघितलंसुद्धा नाही. एवढा मोठा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता! जॅनेल फळ्यावरचं माझं नाव बघत उभी राहिली. संध्याकाळी मक्याचा पाव आणि चवळी केली, तिघांपुरती, सवयीनं. दोघींनी संपवली. पिवळ्या खोलीचं नाव तिनं काढलं नाही.

मला सारखं वाटतंय, उद्या तो घाबरेल. किंवा त्याला तळं ओळखू येणार नाही. तसं झालं तर मग उरलं काय आमच्यात बोलायला?

२० सप्टेंबर, शनिवार

पाणी अठ्ठ्याहत्तर. वारा नाही. हॉलिसला नेलं.

तळ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. शॅड उसळत होती, जॅनेल बोट दाखवून सांगत होती — छे. किती पाणी, कुठला वारा, काही विचारलं नाही. सगळा वेळ माझ्याकडे बघत बसला. खाडीच्या तोंडाशी मी मोटर बंद केली, तेव्हा म्हणाला,

"नीवा, तू केस कधी कापलेस?"

एप्रिलमध्ये, म्हटलं.